चौथ्यांदा आलेली खाज: सोलापुरातल्या एका शिलाई कामगार बाईचं प्रकरण

एप्रिलमध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला जेमतेम पाच मिनिटं दिली असतील. बाहेर बाकं भरलेली, पारा ४२ अंशांच्या पुढे, त्यात दुपारची वीज गेलेली. वय ४१, दोन मुलं, अशोक चौकाच्या पलीकडे राहणारी, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात मशिनवर बसणारी. "मॅडम, अंगावरून पांढरं जातंय आन् लई खाज सुटलीय." तपासलं. दह्याचा चोथा चिकटावा तसा पांढरा स्राव होता. योनिमार्गातला बुरशीचा संसर्ग हे निदान करायला वेळ लागला नाही, आणि ते चूकही नव्हतं. फ्लुकोनाझोलची एक कॅप्सूल आणि आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या, सुती कपडे वापरा म्हटलं, पुढच्या बाईला आत बोलावलं.

माझी चूक निदानात नव्हती. "हे याआधी कधी झालं होतं का?" एवढा एक प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर कळलं असतं की सहा महिन्यांतली ही तिसरी वेळ आहे.

हे प्रकरण लिहायला बसले ते त्या न विचारलेल्या प्रश्नापायी. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. तिला सगळं वाचून दाखवलं. "लिवा की, कुणाला तरी उपयोग व्हईल," म्हणाली.

जुलैतली दुपार

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती पुन्हा आली. या वेळी तिला नीट बसताही येत नव्हतं. खुर्चीच्या कडेला टेकली होती. कारखान्यात स्टुलावर टॉवेलची घडी ठेवून काम करते म्हणाली. लघवीला गेलं की आग, चालताना मांड्या घासल्या की आग, रात्री झोप नाही. मी तिला ओपीडी संपेपर्यंत थांबायला सांगितलं. त्या दिवशी आम्ही पाऊण तास बोललो, आणि एप्रिलमध्ये पाच मिनिटांत जे दिसलं नव्हतं ते एकेक करून बाहेर आलं.

सुरुवात नोव्हेंबरात झाली होती. दाढ किडली, दाताच्या डॉक्टरांनी आठवडाभराची अँटिबायोटिक दिली, आणि पाचव्या दिवशी खाज सुरू झाली. शेजारणीनं सांगितलं, उष्णता झालीय. सब्जा, धन्याचं पाणी, गुलकंद असं सगळं झालं. पंधरा दिवसांत त्रास आपोआप ओसरला. मग फेब्रुवारीत पुन्हा. या वेळी नवरा मेडिकलमध्ये गेला, दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती म्हणून हळूच म्हणाला, "घरच्यांना खाज येतीय, कायतरी द्या." एक कॅप्सूल मिळाली, एकदोन वडापावच्या पैशात. दोन दिवसांत आराम पडला. एप्रिलमध्ये माझ्याकडे. आणि जूनमध्ये, शाळा उघडायच्या तोंडावर, चौथ्यांदा.

जून म्हणजे गणवेशवाल्यांची ऐन घाई. मार्चपासून कामाचा दाब वाढत जातो तो शाळा उघडेपर्यंत. त्या दिवसांत ती अकरा-बारा तास मशिनवर असायची, आणि खाडा केला तर तुकड्यामागे मिळणारे पैसे बुडतात. डॉक्टरकडे यायला सवड नव्हती. सोबतच्या एकीनं पर्समधून ट्यूब काढून दिली, "ही लाव, माझं दोन दिवसांत गेलं होतं." ट्यूब तिनं जपून ठेवली होती, मला दाखवायला आणली. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल, तिन्ही एकाच नळीत. क्लोबेटासोल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड. ते खाज दाबतं, लाली दाबतं, म्हणून पहिले दोन-तीन दिवस जादू झाल्यासारखं वाटतं. पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही तेच दाबतं, त्यामुळे बुरशी निवांत पसरते, आणि कातडी पातळ होत जाते. अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं २०१८ साली नियम कडक केले. तरीही या नळ्या पर्सपर्समधून फिरत असतात. गजकर्णाला लाव, मुलाच्या जांघेत लाव, इथे लाव. मला त्या मैत्रिणीचा राग आला नाही. तिनं आपल्याजवळचं होतं ते दिलं.

आणखी एक गोष्ट ती आवाज खाली घेऊन बोलली. घरात अबोला होता. तिला वाटत होतं, नवऱ्यानं बाहेरून काही आणलंय. नवऱ्याला वाटत होतं, हिचंच काहीतरी आहे. तो यंत्रमागावर टॉवेल विणतो, दोन पाळ्यांत काम, दोघांची भेटच रात्री, आणि ती अशी. तीन आठवडे एकमेकांशी कामापुरतं बोलणं. या आजाराचं औषध स्वस्त असतं. पण तो घरात असा संशय पेरून जातो, त्याचा हिशोब कोणत्याच केसपेपरवर येत नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं की हा गुप्तरोग नव्हे. ही बुरशी बाहेरून यावी लागत नाही. दर १०० निरोगी बायकांतल्या १० ते २० जणींच्या योनिमार्गात ती काहीही त्रास न देता मुक्कामाला असते. नवऱ्याला पुढच्या वेळी सोबत आणायला सांगितलं. तो आला. त्यालाही शिश्नाच्या टोकाशी थोडी लाली आणि खाज होती, तेवढ्यावर साधं मलम दिलं. नवऱ्याला काहीच त्रास नसेल तर त्याला औषध देण्याची सहसा गरज नसते.

तपासणीत काय दिसलं

बाहेरची कातडी लाल, सुजलेली, चकचकीत, घड्यांमध्ये बारीक चिरा. लाल भागाच्या कडेनं सुटे सुटे लाल ठिपके. आत पांढरा, चोथ्यासारखा स्राव, वास नाही. आंबटपणा मोजणारी पीएच पट्टी लावली, रंग ४ ते ४.५ च्या मध्ये.

या पट्टीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ती काही रुपयांची असते आणि फार वेळा वापरलीच जात नाही. योनिमार्गातले चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथलं वातावरण आंबट राहतं. जंतूंचा तोल बिघडून जो स्राव होतो (त्याला माशाच्या वासासारखा वास येतो) त्यात पीएच ४.५ च्या वर जातो. ट्रायकोमोनास या परजीवीच्या संसर्गातही तसंच. बुरशीला मात्र हा आंबटपणा चालतो, म्हणून बुरशीत पट्टी बहुधा नेहमीसारखीच राहते. "पांढरं जातंय" या एकाच तक्रारीखाली तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. त्यातली एक तर आजारच नाही, पाळीच्या मध्यावर जाणारा नेहमीचा स्राव. आपल्याकडे त्यालाही "हाडं झिजतात" म्हणून घाबरतात.

मग स्लाइड. एका थेंबात सलाइन, दुसऱ्यात १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. दुसऱ्या थेंबात बांबूच्या कांड्या जोडाव्यात तसे तंतू आणि त्यांच्या बगलेला कळ्या फुटलेल्या. कॅन्डिडा, म्हणजे हीच बुरशी. पहिल्या थेंबात ट्रायकोमोनास नाही. स्लाइडवर बुरशी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं मात्र समजायचं नसतं, कितीतरी वेळा ती स्लाइडवर निसटते. म्हणूनच वारंवार त्रास होणाऱ्या बाईचा नमुना कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून तिची जात ओळखायला, पाठवावा. मी तो पाठवला.

मेडिकलमधून स्वतःच औषध घेणाऱ्यांचं किती वेळा चुकतं याचा एक अभ्यास अमेरिकेत झाला होता. २००२ साली तो छापून आला. दुकानातून बुरशीचं औषध विकत घेणाऱ्या ९५ बायकांना तपासलं, तर खरोखर फक्त बुरशीच असलेल्या निघाल्या सुमारे एक तृतीयांश. बाकीच्यांना दुसरंच काही होतं, किंवा काहीच नव्हतं. तिथल्या शिकल्यासवरल्या बायकांची ही गत. इथे तर नवरा दुकानात हळू आवाजात "घरच्यांना खाज" एवढंच सांगतो. सरकारी रुग्णालयांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये अशा स्रावासाठी हिरव्या रंगाचं जे पाकीट मिळतं, त्यात बुरशीचं आणि जंतूंचं अशी दोन्ही औषधं असतात. जागोजागी सूक्ष्मदर्शक ठेवणं शक्य नाही म्हणून काढलेली ही शहाणी तोड आहे. पहिल्या-दुसऱ्या वेळेला ती चांगली चालते. चौथ्या वेळेला नाही.

मानेवरचा काळा वळ

तपासून झाल्यावर ती पदर सावरत होती तेव्हा मानेच्या मागे नजर गेली. कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी. "हे किती दिवसांपासून?" ती लाजली. "घामाचा मळ हाय मॅडम, लिंबू घासलं तरी जात नाय." तो मळ नव्हता. इन्सुलिनचं काम नीट होत नसलं की मानेवर, काखेत अशी कातडी होते.

तिथून धागा सुटला. रात्री तीन-तीन वेळा लघवीला उठते. तहान फार लागते. पण सोलापूरच्या उन्हाळ्यात तहान लागली तर कोण डॉक्टरकडे जातं? कारखान्यात साठेक बायकांत दोन संडास, म्हणून दिवसभर पाणी टाळायचं आणि घरी आल्यावर तांब्यावर तांब्या प्यायचं. रात्रीच्या लघवीचं खापर तिनं त्यावर फोडलं होतं. वजन पाच किलो उतरलं होतं, त्याचा तिला आनंदच झाला होता. आईला साखर होती, शेवटी पाय कापावा लागला. आणि दुसऱ्या बाळंतपणात बाळ ४.२ किलोचं, सिझर करावं लागलं. त्यानंतरच्या चौदा वर्षांत तिची शुगर कुणीही तपासली नव्हती. त्यात मीही आले, कारण एप्रिलमध्ये ती माझ्यासमोर बसली होती आणि ग्लुकोमीटर माझ्याच टेबलाच्या खणात होता.

बोटातून थेंब काढला. २८७. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १७८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ९.६ टक्के. ६.५ किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. हा काही काल-परवाचा नव्हता. तिच्या संमतीनं एचआयव्हीही तपासला, नव्हता. गर्भधारणा नसल्याची खात्री केली, कारण दिवस गेले असतील तर तोंडाने फ्लुकोनाझोल देणं टाळतात आणि सात दिवस आत ठेवायच्या गोळ्यांवर भागवतात.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या कितीजणींना तो पहिल्यांदा खाजेनं कळवला असेल, आणि किती जणींनी त्या खाजेवर फक्त मलम लावलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

इतकी सामान्य, म्हणूनच दुर्लक्षित

ती मला म्हणाली, "हे मलाच का होतंय सारखं?" तिला मी खरं ते सांगितलं. एकदा होणं म्हणजे काहीच विशेष नाही. दर चार बायकांतल्या तिघींना आयुष्यात कधी ना कधी हा संसर्ग होतो. ४० ते ४५ टक्के बायकांना दोन किंवा जास्त वेळा होतो. योनिमार्गाच्या दाहात जंतूंचा तोल बिघडण्याच्या खालोखाल याचाच नंबर. पण वर्षात तीन किंवा त्याहून जास्त वेळा होणाऱ्या बायका थोड्या, १०० मध्ये पाचांहूनही कमी. टक्का लहान दिसतो, पण जगभरच्या आकड्यात मांडला की तो प्रचंड होतो. २०१८ साली छापलेल्या एका अंदाजानुसार दर वर्षी सुमारे १३ कोटी ८० लाख बायका या वारंवार होणाऱ्या प्रकाराने हैराण असतात.

म्हणजे प्रश्न दोन आहेत, आणि आपण ते एकत्र करून टाकतो. "बुरशी का झाली?" याचं उत्तर बहुतेक वेळा फारसं महत्त्वाचं नसतं, औषध घ्यावं आणि विसरावं. "बुरशी परत परत का होतेय?" याचं उत्तर मात्र शोधलंच पाहिजे. शोधूनही कितीतरी जणींत काहीच सापडत नाही, हेही तितकंच खरं. त्या बायकांनी स्वतःला अस्वच्छ समजून रोज साबणानं घासत बसू नये.

तिच्या बाबतीत धोके एकावर एक चढलेले होते. अँटिबायोटिक हा पहिला धक्का. ती घेणाऱ्या बायकांतल्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश जणींना हा त्रास होतो असं सांगतात, कारण घशातल्या किंवा दातातल्या जंतूंबरोबर योनिमार्गातले राखणदार जंतूही मरतात. पण तो धक्का एकदाच बसला. त्यानंतर बुरशीला खाऊपिऊ घालत होती ती साखर. रक्तात साखर वाढली की ती स्रावांत आणि लघवीतही उतरते, बुरशीला तिथे चिकटायला आणि वाढायला सोपं जातं, आणि तिला खाऊन टाकणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात. वरून स्टेरॉइड मलम. आणि खाज येते म्हणून तिनं स्वतःच सुरू केलेला आणखी एक उपाय, बादलीत जंतुनाशक टाकून त्या पाण्यानं धुणं. त्यानं बुरशी जात नाही, चिरलेल्या कातडीची आग तेवढी वाढते.

गरोदरपणात हे का वाढतं, तेही इथेच सांगते. इस्ट्रोजेन वाढलं की योनिमार्गाच्या पेशींत ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वाढतो, बुरशीला तेच हवं असतं. जास्त इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. पाळी यायच्या आधी किंवा पाळी गेल्यावर हा संसर्ग कमी दिसतो. पाळी गेलेल्या बाईला तो वारंवार होत असेल तर माझा हात आधी ग्लुकोमीटरकडे जातो. आता तरी जातो.

उष्णतेबद्दल तिनं विचारलंच. सोलापुरात हा प्रश्न न विचारणारी बाई मला भेटलेली नाही. मी उडवून लावला नाही. पत्र्याखाली बारा तास बसून, नायलॉनची परकर-चड्डी घामानं चिंब, मांड्यांच्या घड्यांत कातडी भिजून राहते, तिथे बुरशीला वाव मिळतो हे खरं. पण योनिमार्गाच्या आतल्या संसर्गाशी कपड्यांचा संबंध अभ्यासांत कधी दिसतो, कधी दिसत नाही. सुती कपडे वापरावेत, त्यानं आराम पडतो. मात्र कपड्यांवर सगळं ढकलून मोकळं होऊ नये, एप्रिलमध्ये मी झाले तशी. सोलापुरात नळाला पाणी काही काही दिवसांआड येतं, त्यामुळे धुण्याचं पाणी जपून वापरावं लागतं, आणि आतले कपडे बायका साडीच्या घडीखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घालतात. बाहेर असं ऊन की चादर अर्ध्या तासात कडक होते, आणि हे कपडे दुसऱ्या दिवशीही दमट. तिनं गच्चीवर उन्हात घालायला सुरुवात केली. सासूबाई पहिल्यांदा काहीतरी बोलल्या, मग त्यांनी स्वतःचेही तिथेच घातले.

उपचार, आणि मध्येच बसलेला धक्का

चिरा पडलेल्या होत्या म्हणजे हा तीव्र प्रकार, इथे एका कॅप्सूलनं भागत नाही. फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी. नंतर आठवड्यातून एकदा, सहा महिने. वार तिनं ठरवला, सोमवार, सिद्धेश्वराचा. "उपासाच्या दिवशी चालंल ना?" चालतं. ट्यूब बंद, जंतुनाशक बंद, साबण बंद, नुसतं पाणी. बाहेरून साधी पेट्रोलियम जेली. आठ दिवसांत ती स्टुलावर टॉवेल न ठेवता बसू लागली.

कल्चरमध्ये कॅन्डिडा अल्बिकान्स आली. दहापैकी आठ-नऊ वेळा हीच असते आणि ती सहसा फ्लुकोनाझोलला दाद देते. मधुमेही बायकांत ग्लॅब्राटा नावाची दुसरी जात जास्त सापडते, ती या कॅप्सूलला जुमानत नाही. तिथे बोरिक अॅसिडच्या आत ठेवायच्या कॅप्सूल द्याव्या लागतात (त्या चुकूनही गिळायच्या नसतात, विषारी आहेत). आमच्यावर ती वेळ आली नाही.

साखरेसाठी तिला फिजिशियनकडे पाठवलं. ऑगस्टमध्ये मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन ही साखरेची दोन औषधं सुरू झाली. साखर भराभर उतरली. आणि तिसऱ्या आठवड्यात, सोमवारची कॅप्सूल एकदाही न चुकवता, खाज परत आली.

त्या दिवशी ती रडली. "एवढं सगळं केलं मॅडम, गोड सोडलं, तरी?" तिनं खरंच सोडलं होतं. कारखान्यात दिवसाला पाच-सहा गोड चहा व्हायचे, ते बिनसाखरेचे दोनवर आणले होते. रात्री कडक भाकरी, डाळ, शेंगाचटणी, आणि मोजून. मी गोळ्यांचं पाकीट मागितलं, आणि उत्तर तिथेच होतं. डॅपाग्लिफ्लोझिन रक्तातली साखर मूत्रपिंडातून लघवीत सोडतं, मधुमेही माणसाच्या लघवीतून दिवसाला साधारण ७० ग्रॅम. शरीराला ते चांगलं, पण ती साखर जाते ती त्याच वाटेनं. या औषधाच्या चाचण्यांत ते घेणाऱ्या सुमारे ७ ते ८ टक्के बायकांना जननेंद्रियाचा बुरशी संसर्ग झाला, न घेणाऱ्यांत दीड टक्क्याच्या आसपास. जिला आधीच वारंवार होतो तिला धोका आणखी जास्त.

औषधाला दोष देत नाही. हृदय आणि मूत्रपिंड सांभाळणारं ते फार चांगलं औषध आहे, आता ते स्वस्तही झालंय, आणि कितीतरी रुग्णांचं त्यानं भलं होतंय. दोष आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेचा होता. मी चिठ्ठीत "नव्याने मधुमेह" लिहिलं होतं, "चार वेळा बुरशी" लिहिलं नव्हतं. फिजिशियनना फोन केला, त्यांनी लगेच ते बदलून सिटाग्लिप्टिन दिलं. ग्लिमेपिराइड हे साखरेचं आणखी एक औषध द्यावं का यावर बोलणं झालं, आणि आम्ही ते टाळलं. फ्लुकोनाझोल यकृतात ग्लिमेपिराइडचा निचरा मंद करतं, साखर अचानक खाली जाऊ शकते. दर सोमवारी कॅप्सूल घेणारी बाई सोमवारी-मंगळवारी मशिनवर चक्कर येऊन पडली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, उपास झेपला नाही. ज्या बायका या दोन्ही गोळ्या घेतात त्यांनी आपल्या दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध दाखवावं.

पुन्हा तीन कॅप्सूल, पुन्हा सोमवार. नोव्हेंबरमध्ये एचबीए१सी ७.४. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ती मुलांबरोबर तीन तास फिरली, मला मुद्दाम येऊन सांगितलं. फेब्रुवारीत ६.९, आणि सोमवारची कॅप्सूल थांबवली.

थांबवताना मी तिला आकडे सांगितले, लपवले नाहीत. या साप्ताहिक उपचाराचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास २००४ साली छापला गेला. सहा महिने औषध घेतलेल्या बायकांपैकी ९० टक्क्यांहून जास्त तेवढा काळ बऱ्या राहिल्या. पण औषध थांबल्यावर आणखी सहा महिन्यांनी पाहिलं तर बऱ्या राहिलेल्या होत्या ४३ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जणींना पुन्हा होतं. तिला मी म्हटलं, परत झालं तर ते तुझं अपयश नाही, आणि मेडिकलमध्ये जाऊ नको, इथे ये. एप्रिलमध्ये एकदा थोडी खाज झाली, ती दुसऱ्याच दिवशी आली, स्लाइडवर बुरशी होती, सात दिवस आत ठेवायच्या गोळ्यांनी गेली. शुगर त्या आठवड्यात वाढलेली होती, घरात लग्न झालं होतं.

कारखान्यातल्या तिघी

मे महिन्यात तिनं सोबतच्या तीन बायकांना पाठवलं. जेवणाच्या सुट्टीत तिनं सगळ्यांसमोर सांगितलं होतं म्हणे, आपल्याला काय झालं होतं ते, नाव घेऊन. मला ते ऐकून धस्स झालं आणि तिचं कौतुकही वाटलं. जी गोष्ट ती नवऱ्याला सांगू शकत नव्हती, ती तिनं साठ बायकांत सांगितली. काही तेलुगू बोलणाऱ्या होत्या, त्यांना दुसरीनं समजावलं.

पहिली आली ती ट्यूब घेऊन, तीच तिन्ही औषधांची नळी. तिला बुरशी नव्हतीच. पट्टी ५ च्या वर, माशासारखा वास, जंतूंचा तोल बिघडलेला. वेगळं औषध, आठवड्यात बरी. दुसरी तेवीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेली, तिला काहीच आजार नव्हता. पाळीच्या मध्यावरचा स्राव, आणि घरात कुणीतरी घाबरवलेलं. तिला मी अर्धा तास फक्त समजावून सांगितलं, औषधाची चिठ्ठी दिली नाही. चिठ्ठी न मिळाल्यानं ती थोडी नाराज झाली असावी.

तिसरी पडद्यामागे गेली, आणि पाच मिनिटांनी तशीच साडी सावरत बाहेर आली. "मॅडम, आज नको." वय पन्नाशीच्या आसपास, पाळी गेलेली, दोन वर्षांपासून खाज, दर वेळी मेडिकलची कॅप्सूल. मी आग्रह केला नाही. म्हटलं, निदान बोट तरी दे. १९८, जेवून चार तास झालेले. उपाशीपोटीची चिठ्ठी दिली, पुढच्या सोमवारी ये म्हणून सांगितलं. त्याला आता दोन सोमवार उलटून गेलेत. कारखान्यात निरोप पाठवलाय.